निवडणं, वेचणं, पसंत करणं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विदर्भातल्या खेड्यात 'निवड' हा शब्द सुपाशीही ऐकू येतो, शेतातही आणि ग्रामपंचायतीतही. तिन्ही ठिकाणी त्याचा अर्थ थोडा थोडा बदलतो. शाळेत मराठी शिकवणारे, ठराव आणि अर्ज लिहिणारे, गावातून बातम्या पाठवणारे आणि बाहेरून इथे नोकरीला आलेले लोक त्याबद्दल जे विचारतात, ते इथे उत्तरांसह दिलं आहे.

'निवडणे'चा मूळ अर्थ काय? आवडेल ते घेणं की नको ते काढणं?

दोन्हीच्या आधीचा अर्थ म्हणजे मिसळलेलं वेगळं करणं. तांदळात खडे आहेत, मेथीत गवत आहे, चांगल्या शेंगांत किडक्या शेंगा आहेत. या मिश्रणाचे दोन भाग करणं म्हणजे निवडणं. 'निवाडा' हा शब्दही याच घराण्यातला. भांडणात खरं-खोटं मिसळलेलं असतं, ते वेगळं करणारा निवाडा देतो. अनेकांतून एक घेणं हा आज सगळीकडे चालणारा अर्थ याच कामाचं पुढचं रूप आहे.

यातून एक गंमतीची आणि महत्त्वाची गोष्ट निघते. घरात कोणी म्हणतं "तांदूळ निवड", कोणी म्हणतं "खडे निवड". काम एकच. दोन्ही वेळा तांदूळ ताटात राहतात आणि खडे बाहेर जातात. म्हणजे 'निवडणे'चं कर्म ठेवायची वस्तू असू शकतं आणि टाकायचीही. समोर ताट असतं तोवर कोणाचा गोंधळ होत नाही, पण कागदावर होतो. "रोगट दाणे निवडावेत" असं सूचनाफलकावर लिहिलं, तर नवख्या माणसाला नेमकं काय करायचं ते कळत नाही. म्हणून लिहिताना क्रियापद पूर्ण करावं : ठेवायचं असेल तर 'निवडून ठेवावेत' किंवा 'निवडून घ्यावेत', टाकायचं असेल तर 'निवडून काढावेत'.

निवडणं आणि वेचणं यांत फरक काय?

निवडायला मिश्रण लागतं. वेचायला वस्तू विखुरलेल्या किंवा जागोजागी लागलेल्या असाव्या लागतात आणि त्या एकेक करून हाताने उचलायच्या असतात. मोहाची फुलं झाडाखालून वेचतात, सरवा (कापणीनंतर शेतात पडून राहिलेलं धान्य) वेचतात, कापूस बोंडातून वेचतात, गोवऱ्यांसाठी शेण वेचतात. वेचण्यात जे उचललं तेच हवं असतं, किंवा निदान तेच उचलायचं असतं.

फरक ताडून पाहायला "तांदूळ निवड" आणि "तांदूळ वेच" ही दोन वाक्यं शेजारी ठेवा. पहिल्यात तांदूळ ताटात आहेत. दुसरं ऐकलं की तांदूळ जमिनीवर सांडलेत हे न सांगता समजतं. "तांदळातले खडे वेच" मात्र चालतं, कारण खडे तांदळात विखुरलेलेच असतात.

'वेचणे'चा आणखी एक अर्थ खर्ची घालणं असा आहे : आयुष्य वेचलं, प्राण वेचले. त्याचा उचलण्याशी संबंध जोडू नये.

धान्य निवडण्याआधी काय काय करायचं असतं? सगळ्याला निवडणंच म्हणतात का?

नाही. चार कामं आहेत आणि चौघांना चार शब्द आहेत. शहरात पाकीटबंद डाळ येऊ लागल्यापासून पहिले तीन शब्द विसरत चालले आहेत, याचं वाईट वाटतं, कारण प्रत्येक शब्द वेगळा कचरा काढतो.

चाळणं : चाळणीतून माती, चुरा, बारीक दाणा खाली पडतो. दाण्याच्या आकाराची चाळणी घेतली नाही तर बारीक पण चांगला दाणाही खाली जातो.

पाखडणं : सूप वर-खाली झटकायचं. फोल, तूस, पोकळ किडका दाणा हलका असतो, तो सुपाच्या उघड्या तोंडाकडून उडून जातो. वारा अंगावर येत असेल तर तोंड फिरवून बसावं, नाहीतर तूस परत सुपात येतं. एका वेळी सुपात थोडंच धान्य घ्यावं. जास्त भरलं की खालचा थर हलतच नाही आणि कचरा तिथेच राहतो.

घोळणं : सूप आडवं, गोल फिरवत हलवायचं. खडा दाण्यापेक्षा जड असल्याने वेगळा होऊन एका बाजूला गोळा होतो. तांदूळ पाण्यात रोळतात तेही याच तत्त्वावर. पाण्यासोबत तांदूळ ओतून घेतले की खडे भांड्याच्या तळाशी राहतात.

निवडणं : वरच्या तिन्ही कामांतून जे निसटलं ते डोळ्याने पाहून बोटाने काढायचं. म्हणजे दाण्याएवढाच आणि दाण्याएवढ्याच वजनाचा कचरा. परातीत एक-दीड मूठच पसरावं, एकाच थरात, उजेड समोरून किंवा बाजूने घेऊन. स्वतःची सावली ताटात पडली की तांदळाच्या रंगाचा पांढरा खडा दिसत नाही.

क्रम बदलला तर काम दुप्पट होतं. पाखडायच्या आधीच निवडायला बसलं की बोटं तुसातच अडकून राहतात.

तुरीच्या डाळीत नेमकं काय निवडून काढायचं?

खडे आणि काळी, किडलेली डाळ तर काढायचीच. त्याशिवाय पूर्व विदर्भात लाखोळीच्या डाळीकडे लक्ष ठेवावं. लाखोळी भंडारा, गोंदिया, गडचिरोली भागात धानानंतर पिकते, आणि तिची डाळ तूर किंवा हरभऱ्याच्या डाळीत मिसळली तर रंगावरून पटकन ओळखू येत नाही. आकारावरून येते : तुरीची डाळ वाटोळी असते, लाखोळीची कोनेदार, एका बाजूने तिरकी उतरती, पाचरीसारखी. ती रोज आणि भरपूर खाण्यात आली तर पायांतली ताकद जाऊन लंगडेपणा येतो, म्हणून देशात १९६१ मध्ये तिच्या विक्रीवर बंदी आली होती.

भाजी खुडणं, तोडणं आणि निवडणं एकच का?

खुडणं रोपावर होतं : नखाने कोवळा शेंडा काढायचा. हरभऱ्याची भाजी खुडतात, आणि ती फुलं येण्याआधीच खुडतात. शेंडा गेला की झाडाला फांद्या फुटतात, फुलावर आल्यावर खुडलं तर घाटे कमी होतात. तोडणं म्हणजे फळ, शेंग किंवा जुडी झाडापासून वेगळी करणं. निवडणं घरी, भाजी आणल्यावर.

मेथी निवडताना मुळं, पिवळी पानं आणि जाड देठ काढायचे, कोवळं देठ ठेवायचं. अंबाडीचं उलट : तिचा देठ तंतूचा असतो, शिजला तरी चावला जात नाही, म्हणून पान देठापासून पूर्ण तोडून घ्यायचं. तरोट्याची भाजी पावसाच्या सुरुवातीला, कोवळी असतानाच घ्यावी. जून पान निवडून वेळ घालवण्यात अर्थ नाही, ते कडूच लागतं.

कापूस वेचतात की निवडतात?

वेचतात. वेचण्याच्या एका फेरीला 'वेचा' म्हणतात : पहिला वेचा, दुसरा वेचा. मजुरी बहुतेक ठिकाणी किलोवर ठरते. पहिल्या वेच्याच्या आधी शेतात दही-भाताचा नैवेद्य दाखवून सीतादही करतात. तिथेही बोलण्यात वेचणीच असते.

पण वेचता वेचता निवडायलाही लागतं, आणि भाव तिथेच पडतो किंवा टिकतो. स्वच्छ कापूस एका ओटीत, कवडी (म्हणजे किडका, पिवळा पडलेला, न फुललेला कापूस) दुसऱ्या ओटीत असं शेतातच करायला हवं. दोन्ही एकदा गंजीत मिसळले की मग ते निवडणं म्हणजे प्रत्येक पुंजका हातात घेणं, आणि तेवढी मजुरी कोणालाच परवडत नाही. वेचताना पाळायच्या बाबी अशा : दव उडाल्यावर सुरुवात करावी, पूर्ण फुटलेलीच बोंडं घ्यावीत, झाडाच्या खालच्या बोंडांपासून वर जावं, नाहीतर वरचा पालापाचोळा खालच्या फुटलेल्या कापसावर पडतो, पावसात भिजलेला कापूस वेगळा वाळवावा. सरकारी खरेदीत ओलावा ८ टक्क्यांपर्यंत असेल तर पूर्ण भाव मिळतो, त्यापुढे भाव कापला जातो आणि १२ टक्क्यांच्या वर कापूस घेतच नाहीत.

लिहिताना 'कापूस वेचणी' आणि 'कापूस प्रतवारी' असे दोन शब्द वापरावेत. 'कापूस निवड' लिहिलं तर वाचणाऱ्याला वाणाची निवड वाटते.

"बियाणं निवडलं का?" या प्रश्नाचा अर्थ काय घ्यायचा?

इथे खरा घोळ होतो, कारण या वाक्याला दोन अर्थ आहेत आणि दोन्ही मे महिन्यातच विचारले जातात. एक : यंदा कोणतं वाण लावायचं ते ठरलं का? दोन : घरचं सोयाबीन निवडून, साफ करून पेरणीला तयार झालं का? पहिल्याला 'वाण ठरलं का', दुसऱ्याला 'बी निवडून झालं का' म्हटलं की प्रश्न मिटतो. कागदावर पहिल्यासाठी 'वाणाची निवड' आणि दुसऱ्यासाठी 'बियाण्याची प्रतवारी' लिहावं.

घरचं सोयाबीन बियाण्यासाठी निवडताना फुटके, सुरकुतलेले, हिरवट आणि डाग पडलेले दाणे निवडून काढायचे. गावात चक्राकार निवडयंत्र असेल तर काम लवकर होतं. त्यात वरून दाणे सोडले की गोल, भरलेला दाणा वेगाने गडगडत बाहेरच्या कडेने उतरतो, फुटका किंवा चपटा दाणा आतल्या बाजूने सावकाश घसरतो, आणि दोन्ही वेगवेगळ्या तोंडातून पडतात.

यानंतर उगवणशक्ती पाहायची, आणि इथे 'निवडणे' हा शब्द मनातून पूर्ण काढून टाकायचा. चाचणीला घ्यायचे १०० दाणे निवडून घेऊ नयेत. वेगवेगळ्या पोत्यांतून, वरून, मधून आणि खालून हात घालून जसे येतील तसे घ्यावेत. सुंदर सुंदर दाणे वेचून घेतले तर ९० उगवतात आणि शेतात ५५ उगवतात. मग दोष पावसाला दिला जातो.

ओलं गोणपाट पसरून त्यावर १०-१० दाण्यांच्या १० ओळी मांडाव्यात, दाणे एकमेकांना चिकटू देऊ नयेत. वरून दुसरं ओलं गोणपाट टाकून सैल गुंडाळी करावी, सावलीत ठेवावी, वाळू लागली की पाणी शिंपडावं. पाणी साचू देऊ नये, दाणा कुजतो. पाच-सहा दिवसांनी उघडून ज्यांना चांगलं मूळ आणि कोंब दोन्ही आहेत तेवढेच मोजावेत. नुसते फुगलेले आणि वाकडेतिकडे कोंब मोजू नयेत. ७० किंवा जास्त निघाले तर एकरी साधारण ३० किलो बी पुरतं. ६५ निघाले तर ३२ किलोंच्या वर, ६० निघाले तर ३५ किलो लागतं. त्याच्याही खाली गेलं तर ते बी तेलाला किंवा बाजारात द्यावं.

निवडून ठेवलेलं बी उगवत नाही याचं सर्वांत मोठं कारण म्हणजे आदळआपट. सोयाबीनचं टरफल पातळ असतं आणि अंकुर त्याच्या लगेच खाली असतो. मळणीयंत्र जास्त वेगात चाललं किंवा पोतं उंचावरून टाकलं की दाणा बाहेरून धड दिसतो पण आतून मेलेला असतो. असा दाणा डोळ्याने निवडता येत नाही, म्हणूनच चाचणी.

बहार, बैल, मुहूर्त, नवरी यांच्यासाठी 'निवडणे' का चालत नाही?

मराठीत प्रत्येक निवडीला आपापलं क्रियापद आहे, आणि ते वापरलं नाही की वाक्य भाषांतरासारखं वाटतं.

वरुड, मोर्शी, काटोल, नरखेड भागात संत्र्याचा बहार 'धरतात'. आंबिया धरायचा की मृग, हा प्रश्न निवडीचाच आहे. आंबियाला जानेवारी-फेब्रुवारीत फुलं येतात आणि फळ ऑक्टोबर ते डिसेंबरात निघतं. मृगाला पावसाच्या सुरुवातीला फुलं येतात आणि फळ फेब्रुवारी-मार्चमध्ये. उन्हाळ्यात विहिरीला पाणी असेल तर आंबिया, नसेल तर मृग. हा निर्णय घेतला की बाग ताणावर सोडावी लागते, म्हणजे पाणी तोडून झाडाला तोच बहार धरून ठेवायला भाग पाडावं लागतं. 'धरणे' हे क्रियापद ते सांगतं, 'निवडणे' सांगत नाही. फळ तोडल्यावर मात्र मोठं, मध्यम आणि चुरी (बारीक फळ) वेगळी करतात, ते अस्सल निवडणं.

बैल 'पाहतात' आणि 'पारखतात'. पारख निवडीच्या आधी येते. खालच्या जबड्याचे समोरचे दात पाहायचे (बैलाला वर समोर दात नसतातच) आणि दोन दाती, चार दाती, सहा दाती की जुळलेला (सगळे दात आलेला) ते ठरवायचं. मग चालवून पाहायचा, खांदा पाहायचा, खूर पाहायचे. हे सगळं करून चारांतला एक घेतला, तरी बोलणं "बैल घेतला" असंच होतं.

मुहूर्त 'काढतात', उमेदवार 'उभा करतात', नाव 'ठेवतात', वाण 'लावतात', नवरा-नवरी 'पसंत करतात'. "आम्ही सून निवडली" हे वाक्य कानाला खटकतं, कारण निवडण्यामागे बाकीच्यांना बाजूला टाकण्याचा अर्थ लपलेला आहे. माणसांच्या नात्यात तो कोणी बोलून दाखवत नाही.

निवड, निवडणूक, नेमणूक आणि सोडत यांपैकी बातमीत कोणता शब्द केव्हा?

मतदान किंवा त्याची कायदेशीर प्रक्रिया म्हणजे निवडणूक. थोड्या माणसांनी बसून ठरवलं तर निवड. वरून आदेशाने पद दिलं तर नेमणूक किंवा नियुक्ती. चिठ्ठी काढून ठरलं तर सोडत.

सरपंचाच्या बाबतीत गोंधळ होतो, त्याला कारणही आहे. महाराष्ट्रात थेट जनतेतून सरपंच ही पद्धत २०१७ मध्ये आली, २०२० मध्ये रद्द झाली आणि २०२२ मध्ये पुन्हा लागू झाली. थेट मतदान असेल तेव्हा 'सरपंचपदाची निवडणूक'. सदस्यांतून ठरत असे तेव्हा 'सरपंचाची निवड'. उपसरपंच आजही सदस्यांतूनच, पहिल्या सभेत ठरतो, म्हणून 'उपसरपंचाची निवड'. जुनी बातमी उतरवून नवीन लिहिताना हा फरक बघावा.

आरक्षण सोडतीने ठरतं, त्याला निवड म्हणू नये. दोन उमेदवारांना सारखी मतं पडली तर चिठ्ठी टाकून निकाल लागतो. त्याला मराठीत 'ईश्वरचिठ्ठी' हा फार चांगला शब्द आहे, तो वापरावा. फॉर्म मागे घेतले गेले आणि एकच उमेदवार उरला तर 'बिनविरोध निवड'. मत एकही पडलेलं नसलं तरी तो 'निवडून आला' असं लिहिणं बरोबर आहे, कारण अधिकारी तसंच घोषित करतात.

योजनेच्या यादीबाबत : ग्रामसभेने नावं ठरवली तर 'लाभार्थ्यांची निवड', संगणकाने चिठ्ठीसारखी काढली तर 'सोडतीत नाव लागलं'. निवड म्हटलं की निवडणारा कोणीतरी आहे असं लोक धरून चालतात आणि मग त्याला जाब विचारतात. म्हणून शब्द जपून वापरावा.

'निवडून देणे', 'निवडून येणे', 'निवडून आणणे' यांत व्याकरण कसं चालतं?

मतदार निवडून देतात. उमेदवार निवडून येतो. कार्यकर्ते किंवा पक्ष निवडून आणतात.

'देणे' आणि 'आणणे' सकर्मक आहेत, म्हणून भूतकाळात कर्त्याला 'ने/नी' लागतो : "गावकऱ्यांनी तिला निवडून दिलं." 'येणे' अकर्मक आहे, कर्ता मोकळा राहतो : "ती निवडून आली." आदराने लिहिताना "त्यांनी निवडून आले" ही चूक पुष्कळदा दिसते. बरोबर रूप "ते निवडून आले" किंवा बाई असतील तर "त्या निवडून आल्या".

"त्यांना निवडलं गेलं" यापेक्षा "त्यांची निवड झाली" हे सरळ मराठी आहे.

नागपूर-चंद्रपूरकडे "मी भाजी निवडलो" असं कर्त्याप्रमाणे क्रियापद चालवून बोलतात. ते त्या बोलीचं वळण आहे, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. परीक्षेच्या पेपरात मात्र "मी भाजी निवडली" लिहावं.

पसंती आणि निवड एकच का? 'पसंतीक्रम' कसा भरायचा?

पसंती मनात असते, निवड हातून होते. दहा गोष्टी पसंत असू शकतात, निवड एकीची होते. 'आवडनिवड' हा जोडशब्द याच दोन गोष्टी एकत्र ठेवतो.

पसंतीक्रम म्हणजे अनेक पसंत्या ओळीने लावणं. खेड्यातल्या माणसाला तो दोन ठिकाणी भरावा लागतो.

पहिलं ठिकाण अकरावी प्रवेश. २०२५-२६ पासून ऑनलाइन प्रक्रिया सगळ्या राज्याला लागू झाली, त्यामुळे तालुक्याच्या गावातल्या पोरांनाही १ ते १० पर्यंत पसंती भरावी लागली. पहिल्या क्रमांकाचं कॉलेज मिळालं तर तिथे प्रवेश घेणं बंधनकारक असतं. न घेतल्यास पुढच्या नियमित फेऱ्यांत भाग घेता येत नाही. म्हणून शहरातलं नावाजलेलं कॉलेज हौसेने पहिलं टाकू नये. खोली, खानावळ, एसटी यांचा हिशोब बसत नसेल तर ते नाव वर नकोच. जिथे खरंच जाणार तेच पहिलं.

दुसरं ठिकाण विधान परिषदेच्या शिक्षक आणि पदवीधर मतदारसंघांची निवडणूक. अमरावती आणि नागपूर विभागांत हे दोन्ही मतदारसंघ आहेत. इथे बटण नसतं, शिक्का नसतो. मतपत्रिकेवर केंद्रात दिलेल्या जांभळ्या स्केच पेननेच नावासमोर १, २, ३ असे आकडे लिहायचे. '१' लिहिणं आवश्यक आहे, पुढचे आकडे ऐच्छिक. '१' दोघांसमोर लिहिला, बरोबरची खूण केली, 'एक' असं अक्षरात लिहिलं किंवा सही केली की मत बाद. शिकल्या-सवरल्या मतदारांची मतं इथे बाद होतात ती बहुधा बरोबरच्या खुणेमुळे, कारण शाळेत आयुष्यभर तीच करण्याची सवय असते.

'पर्याय', 'विकल्प' आणि 'ऐच्छिक' यांपैकी अर्जात काय लिहावं?

'पर्याय' हा रोजचा शब्द : "खालीलपैकी योग्य पर्याय निवडा." एकाच्या जागी दुसरं चालेल असाही त्याचा अर्थ आहे, म्हणून 'पर्यायी रस्ता'. 'विकल्प' सरकारी कागदात, निवृत्तिवेतनासारख्या ठिकाणी, येतो : दोनांपैकी एक लेखी कळवायचं असतं आणि बहुतेक वेळा नंतर बदलता येत नाही. 'ऐच्छिक' म्हणजे केलं तरी चालेल, नाही केलं तरी चालेल. पीकविमा कर्जदारांनाही २०२० च्या खरिपापासून ऐच्छिक झाला, पण नको असेल तर बँकेला मुदतीआधी तसं लेखी द्यावं लागतं. 'ऐच्छिक' वाचून गप्प बसलं तर रक्कम कापली जाते.

'नोटा' (यांपैकी कोणीही नाही) दाबणं म्हणजे निवड न करणं का?

मत दिल्याची नोंद होते, पण निवड होत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २७ सप्टेंबर २०१३ च्या निकालानंतर हे बटण आलं. लोकसभा आणि विधानसभेत नोटाला सर्वांत जास्त मतं पडली तरी उमेदवारांत जो पुढे असेल तोच निवडून येतो.

शुद्धलेखनात कुठे चुकतं?

'निवडणूक' मध्ये 'णू' दीर्घ. प्रत्यय लागला की तो ऱ्हस्व होतो : निवडणुकीत, निवडणुकीचा, निवडणुका. 'निवडणूकीत' आणि 'निवडणुक' दोन्ही चूक. नेमणूक, करमणूक, मिरवणूक हे शब्दही असेच चालतात. 'निवड' स्त्रीलिंगी, अनेकवचन 'निवडी'.

'निवडक' म्हणजे थोडे का?

नाही. निवडक म्हणजे निवडलेले. ते थोडे असतात हा त्याचा परिणाम. "निवडक शेतकऱ्यांनाच मदत मिळाली" या वाक्यात कोणीतरी ठरवून दिली असा आरोप आपोआप येतो. नुसती संख्या कमी सांगायची असेल तर 'मोजक्या', आधीच ठरलेले असतील तर 'ठरावीक'. 'वेचक' हा शब्द लेखनाला आणि उताऱ्यांना शोभतो.

"माझ्याकडे चॉइसच नव्हता" हे मराठीत कसं म्हणायचं?

"माझा नाइलाज होता." "दुसरा इलाज नव्हता." "गत्यंतर नव्हतं." दोन्हीकडे वाईटच असेल तर "इकडे आड, तिकडे विहीर". "माझ्याकडे निवड नव्हती" हे कोणी बोलत नाही. निवड कोणाकडे असत नाही, ती करायची असते. आणि चांगलं-वाईट वेगळं करायची संधीच मिळाली नाही, सगळ्यांना एकच शिक्षा झाली, तर "गव्हाबरोबर किडे रगडले गेले" किंवा "सुक्याबरोबर ओलंही जळालं". यातली पहिली म्हण तर न निवडलेल्या गव्हावरूनच आली आहे.

वऱ्हाडीत हे शब्द कसे बोलतात?

'ण' चा 'न' होतो आणि 'ला' च्या जागी 'ले' येतो : "ते तांदूय निवडाले बसली", "कापूस वेचाले चाल्लो", "निवडनुकीत कोनाले निवडून द्याचं?" 'ळ' चा 'य' होतो, म्हणून तांदूळचं तांदूय. शाळेत पोरगं "निवडाले" म्हणालं तर शिक्षकांनी हसू नये. "प्रमाण भाषेत निवडायला" एवढं सांगितलं की पुरे, दोन्ही रूपं त्याच्याकडे राहतात.

'निवडणे' आणि 'निवळणे' एकच शब्द आहेत का?

नाहीत, पण अर्थाने शेजारी आहेत म्हणून गल्लत होते. निवळणं म्हणजे गढूळ पाणी आपोआप स्वच्छ होणं, गाळ खाली बसणं. पावसाळ्यात नदीचं पाणी भरलं तर त्यात तुरटी फिरवतात किंवा निवळीचं बी भांड्याला आतून घासतात आणि काही तास हलवत नाहीत. तिथे हात लावला की काम बिघडतं. निवडायला मात्र हातच लागतो. आभाळ निवळतं, वातावरण निवळतं. "आभाळ निवडलं" असं लिहिलेलं दिसलं तर तिथे 'ळ' करावा.